संकष्टीला लाल होणारा नवरा

नवरा चोरून पितो, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. ब्रिटनमध्ये कार्डिफला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात संध्याकाळी त्याचा चेहरा लालबुंद व्हायला लागला. कान तर भाजल्यासारखे. विचारलं की म्हणायचा, "हीटिंग जास्त झालंय गं." आमच्याकडे हीटिंग! मी स्वेटर घालून पोळ्या लाटते.

दारू मी माहेरी फार जवळून पाहिली आहे. त्यामुळे आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. काही नाही. पण वास न येणारीही मिळते म्हणे. कपाटं तपासली, गाडी उपसली. बोलताना त्याच्या डोळ्यांत बघायचे, तर हा नजर चुकवायचा. चोराच्या मनात चांदणं. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

सगळ्यात संताप यायचा संकष्टीला. हा माणूस दिवसभर नुसत्या चहावर उपास करतो, फोनवर चंद्रोदयाची वेळ बघतो, कारण इथल्या ढगांतून चंद्र दिसायची सोय नाही, आणि नेमका त्याच दिवशी सर्वांत लाल! देवाची तरी लाज धरावी की नाही?

अशाच एका संकष्टीला मी मोदकांची उकड काढत होते. तो आल्याचा कढत चहा घेऊन वर गेला. थोड्या वेळाने धप्पकन आवाज आला. धावले. बाथरूमच्या दारात बसलेला, मान-छाती लाल, अंग खाजवतोय.

"काय प्यायलास? खरं सांग!"

"प्यायलो नाही गं. नायसिन आहे. बी-थ्री व्हिटॅमिन. कोलेस्टेरॉलसाठी ऑनलाइन मागवतो." त्याने टॉवेलांच्या मागून बाटली काढली.

मी १११ला, इथल्या आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, या गोळीने अंग लाल होतंच, पण रिकाम्या पोटी घेतली का, वर काही गरम प्यायलात का, त्याने ते वाढतं. दोन्ही केलं होतं, तेही गणपतीच्या नावाने. पुढे जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, हे व्हिटॅमिन शरीराला लागतंच, इथे ब्रेडच्या पिठातसुद्धा घालतात. पण एवढ्या मोठ्या डोसने लिव्हर बिघडू शकतं. बंद करा, ब्लड टेस्ट करू, गरज पडली तर दुसरं औषध देऊ.

दवाखान्याबाहेर आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"बाबा हार्ट अटॅकने गेले, त्या वयाला मी या वर्षी पोचलो. तुला सांगितलं असतं तर रोज माझ्याकडे, हा आता जातो की काय, असं बघत बसली असतीस."

मला भयंकर राग आला. दारू असती तर भांडून सोडवली असती. याच्याशी कसं भांडायचं?

गोळ्या बंद झाल्या. परवा कामाचे कॉल संपवून तो सोफ्यावर डोळे मिटून पडला होता. बराच वेळ हललाच नाही. मी स्वयंपाकघरातून उगाचच ओरडले, "अरे, भाजी कुठली करू?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "जिवंत आहे गं. भेंडी कर."