चंपाआतेचा कोपरा

आईचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या जेटीवर माईक हातात धरून एसटीचा कंडक्टर झालो होतो. सीझनला मी तिथं पर्यटकांच्या बोटीत माणसं भरायचं काम करतो, आणि नुसतं "चला, बसा" म्हटलं तर कोण बसतंय? म्हणून आवाज काढतो. कंडक्टर, शाळेतले पीटीचे सर, नळावर भांडणाऱ्या जावा... फोन कानाला लावला तर आई म्हणाली, "चंपाआते गेली रे. सकाळी उठलीच नाय." समोर एक कुटुंब पोट धरून हसत उभं होतं. मी कंडक्टरच्याच आवाजात "बरं, बरं" म्हटलं, त्यांना लाइफ जॅकेटं चढवली, बोट सुटेपर्यंत हात हलवला. मग जेटीच्या मागं जाऊन रडलो. आपला रडण्याचा आवाज कसा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. अगदीच साधा निघाला.

त्याला आता दीडेक महिना झाला. चंपाआते ही माझ्या बाबांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, आणि आचऱ्याच्या घरात ती, दोन मांजरं आणि ढीगभर जुन्या साड्या. आतेला हौस एकच, वाकळ शिवायची. बाकीचे लोक गोधडी म्हणतात तीच. कोणाची साडी विरली की ती आतेकडे यायची. आते ती उजेडात धरायची, मुठीत चुरगळून बघायची, नाकाला लावायची आणि ठरवायची, ही आत जाणार की वर. मऊ झालेल्या आत, रंग टिकलेली वर. साडी फाडताना जो टर्रकन आवाज येतो ना, तो तिला फार आवडायचा. त्या आवाजाला ती हसायची. माझ्या विनोदांना हसायला मात्र वेळ लावायची.

आमच्या वाडीत वाकळ एकटीनं शिवायची पद्धत नव्हती. घरापुढच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, ती पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि चौघींनी चार कोपरे धरून मधोमध शिवत यायचं. प्रत्येकीचा कोपरा ठरलेला. दाराकडचा आतेचा. विहिरीकडचा सुलुकाकीचा. ही मासे विकायची, त्यामुळं हिचं कानात बोलणंसुद्धा बंदरापर्यंत ऐकू जायचं. तुळशीकडचा इंदुमावशीचा, जी वाडीतली प्रत्येक बातमी "कोणाक सांगू नको हां" असं म्हणून सगळ्यांना सांगायची. आणि चौथा माझ्या आईचा, जी बसल्यापासून "उठतंय हां मी, भात लावूचो आसा" म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत उठायची नाही. मी लहानपणी त्या वाकळीच्या बरोबर मधे लोळायचो. चारी बाजूंनी बायका शिवत जवळ जवळ यायच्या आणि शेवटी मला हाकलून द्यायच्या. आवाज काढायला मी शिकलो तो तिथंच, दुसरी कुठली शाळा नाही.

मग एकेक कोपरा रिकामा झाला. सुलुकाकीला मुलगा मुंबईला घेऊन गेला. इंदुमावशी लेकीकडं दोडामार्गला गेली, कारण लेक-जावई दोघंही रोज गोव्याला कामाला आणि नातवंडं बघायला कोणी नाही. आम्ही कट्टा गावात दुकान टाकलं आणि आईचे गुडघे त्या दुकानात संपले. कोणी भांडून गेलं नाही, कोणी टाकून गेलं नाही. आते उरली.

पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा मी आतेकडं राहायला जायचो. पहिल्या वर्षी बघतो तर ती लोट्यावर एवढी मोठी वाकळ पसरून एका कोपऱ्यात बसलेली, बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांवर नुसते दगड. घरात बोलणं नाही. पागोळ्या आणि दोरा ओढल्याचा आवाज, एवढंच. मला ते सहन होईना. मी विहिरीकडच्या कोपऱ्यात जाऊन फतकल मारली आणि सुलुकाकी झालो. बांगडे मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धारल्या. आतेनं सुई थांबवली. वाटलं, आता हसेल. तर म्हणते, "सुलू अशी बोलणा नाय. ती आधी पान थुकता, मगे बोलता. परत कर."

परत केलं. तेव्हापासून आमचं ते ठरूनच गेलं. मी कोपरा बदलायचो, तशी बाई बदलायची. आते मधेच मला टोकायची, मधेच इंदुमावशीला (म्हणजे मलाच) दटावायची, की पुरे झाल्या दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. जेटीवर मला शंभर माणसं हसतात, पण एवढी कडक परीक्षा कोणी घेतली नाही.

एका दुपारी मी तुळशीकडं बसून इंदुमावशी करत होतो आणि आते माझ्यासमोर त्याच कोपऱ्यात शिवत होती. सहज लक्ष गेलं. टाके एकदम बारीक, तांदळाच्या कणीएवढे. विहिरीकडं जाऊन बघितलं तर तिथं लांब लांब, घाईत घातलेले. आईच्या कोपऱ्यात मधेच सुटलेले, मधेच पकडलेले, भात बघायला उठल्यासारखे. मी आतेला विचारलं, हे काय? तिनं मानही वर केली नाही.

"इंदूच्या कोपऱ्यात इंदूचोच टाको पडाक होयो. नायतर ती रागावतली."

म्हणजे मी तोंडानं जे करत होतो, ते आते सुईनं माझ्या आधीपासून करत होती. तेही गप्प बसून, समोर कोणी नसताना.

तिचं मागणं एकच होतं. एकदा चौघींनी परत बसायचं, एका वाकळीपुरतं. शेवटची वाकळ तिनं त्याच्यासाठीच घातली होती. वरती स्वतःची लग्नानंतरची हिरवी साडी लावली होती. मी फोन लावायचो, स्पीकर चालू करायचो. चतुर्थीला सगळ्यांच्या घरी गणपती, मे महिन्यात मुंबईकर पाहुणे, मधे नातवंडांच्या परीक्षा. येतंय गो, येतंय, असं तिन्ही फोनांतून यायचं. शेवटी आते म्हणाली, मी त्यांचे कोपरे करून ठेवतंय, माझो काय, तो त्यांच्या वांगडा एकत्र बसल्यावर होतलो. आणि तिन्ही कोपरे करून ठेवले. दाराकडचा तेवढा राहिला.

तेराव्याला तिघी आल्या. तिघी एकत्र, एका दिवशी, एका घरात. सगळं आटपल्यावर आईनं आतून ती वाकळ आणली आणि लोट्यावर पसरली. कोणी कोणाला सांगितलं नाही. सुलुकाकी विहिरीकडं बसली, इंदुमावशी तुळशीकडं, आई गुडघे धरत धरत आपल्या जागी. सुलुकाकीनं कापड उचललं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "हो टाको तर माझो. मी कधी घातलंय?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, आवाजांचंही. मला वाटलं, मला शिव्या घालतील.

"माका ठावक आसा रे मेल्या," सुलुकाकी म्हणाली. आते रोज संध्याकाळी, मी घरात नसताना, तिला फोन करायची आणि आज तू काय काय बोललीस ते तिलाच सांगायची. सुलुकाकी पुढं म्हणाली, "गेल्या वर्षी मी तिकीट काढूक निघालंय, तर माका म्हणता कशी, कित्याक खर्च करतंस, काल तर बसलं होतंस माझ्याकडे."

इंदुमावशीनं मान हलवली. तिलाही आते असंच काहीतरी म्हणाली होती. मी दगड सरळ करायच्या निमित्तानं खाली बघत राहिलो. मी आतेला सोबत करत होतो, की त्यांचं येणं लांबवत होतो... हे मला अजून कळलेलं नाही. कोणाला विचारावं तर उत्तर देणारी नाही.

मग आई म्हणाली, कोपरा उघडा ठेवायचा नाही, पुरा करूया. सुलुकाकीनं सुईत दोरा ओवला आणि दाराकडं सरकून बसली. सुई टेकवली आणि विचारलं, चंपाचा टाका कसा होता? आई म्हणाली बारीक. इंदुमावशी म्हणाली, नाही, जरा तिरका. सुलुकाकी म्हणाली, मी इतकी वर्षं तिच्यासमोर बसले, तिच्या हाताकडं कधी बघितलंच नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू काढतंस ना सगळ्यांचे आवाज? तिचो काढ बघूया. म्हणजे आठवात."

मी तोंड उघडलं. सगळ्यांचे आवाज मी करून दाखवायचो ते आतेला. आतेचा कोणाला करून दाखवणार? शब्द आले, पण आवाज कंडक्टरचा लागला. इंदुमावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि राहू दे म्हणाली. सुलुकाकीनं सुई काढून घेतली, दोरा बोटाला गुंडाळला आणि कमरेच्या पिशवीत घातला.

ती वाकळ आता माझ्याकडं आहे, मालवणच्या भाड्याच्या खोलीत. तीन बाजूंनी घट्ट, एका बाजूनं उघडी. ती बाजू मी पायाकडं घेतो. सकाळी जाग येते तेव्हा पायाचा अंगठा बरोबर त्या उघड्या कोपऱ्यात, साड्यांच्या दोन थरांमधे अडकलेला असतो. झटका मारला तर जुनं कापड फाटेल, म्हणून उठून बसतो आणि हातानं हळूच सोडवतो. त्या वेळी खोलीत कोणी नसतं आणि कोणाचा आवाज काढायचाही नसतो.

"आते, सोड गो," मी म्हणतो, "बोटीक उशीर होता."