आत्याबाईंची धडधड

माझ्या नवऱ्याच्या आत्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायच्या. तिथला सगळा कारभार मोठ्या भाषेत, म्हणजे देशभर चालणाऱ्या भाषेत चाले, आणि ती आत्याबाईंना कधी आलीच नाही. मुकादमाशी त्यांनी जन्मभर खुणांवर निभावलं. नोकरी संपल्यावर आमच्याकडे राहायला आल्या आणि गॅलरीलगतच्या खोलीत मशीन मांडून बसल्या.

आमची मुलगी भाषा कार्यालयात आहे. ज्या गोष्टी आम्ही आजवर मोठ्या भाषेतूनच बोलत आलो, त्यांना आमच्या भाषेत शब्द घडवणं हे तिचं काम. शेजारी तिला 'टाकसाळ' म्हणतात. कार्यालयाचा एक नियम आहे: ज्याला दुसरी भाषा येत नाही अशा माणसाला कळला, तरच शब्द मंजूर. या शहरात असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही. आमच्या घरात होतं.

सुटीच्या दिवशी ती आत्याबाईंसमोर बसायची.

"आत्तेआजी, डॉक्टरांनी विचारलं, लयचूक कधीपासून आहे, तर काय सांगशील?"

"लय म्हणजे ठेका. ठेका चुकतोय... काळजाचा का गं?"

"बरोब्बर!"

"मग सरळ धडधड म्हणायला काय धाड भरलीय तुमच्या साहेबांना?"

"धडधड जिना चढूनही होते, घाबरूनही होते. हा आजार आहे. त्याला स्वतंत्र शब्द नको?"

आत्याबाईंनी दाताने दोरा तोडला. "पास!"

आवडला नाही तर म्हणायच्या, "माल परत." सुरुवातीला निम्मा माल परत जायचा, पुढे जाईनासा झाला. कार्यालयाला वाटलं, आपला हात बसला. प्रत्यक्षात आत्याबाईंचा कान तयार झाला होता. पोरगी शब्द कसा जोडते, ते त्यांना अर्ध्या वाक्यातच उमगायचं. पुढे तर त्या स्वतःच ते शब्द वापरू लागल्या. दुकानदार बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघायचा, मी अर्थ सांगायचे, आणि आत्याबाई फणकारायच्या, "याला आपलीच भाषा येईना!"

गेल्या महिन्यात त्यांच्या पायांवर सूज आली म्हणून दवाखान्यात ठेवलं. तिथली सिस्टर आमच्याच भाषेची निघाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणीचे कागद आणायला खाली गेले. मागे जे झालं ते शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं.

आत्याबाई म्हणाल्या, "सिस्टर, लयचूक सुरू झालीय गं."

"काय सुरू झालंय, आजी?"

"लयचूक. जोरात आहे. डॉक्टरांना सांग."

"गाणं शिकलायत वाटतं तुम्ही!"

"गाणं कुठलं? लयचूक म्हणतेय मी!"

त्या चिडल्या, तशी सिस्टरने मायेने त्यांचा दंड थोपटला. वयस्कर माणसं नव्या जागी अशी बरळतात, असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे वळली. मी वर आले तोवर आत्याबाईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

डॉक्टर मला म्हणाले, "छातीत धडधडतंय असं काही बोलल्या होत्या का? कळलं असतं तर हातात थोडा वेळ मिळाला असता."

माझ्या मागे कार्यालयातून धावत आलेली मुलगी उभी होती. तिने ऐकलं.

तिने तो शब्द मागे घ्यायचा अर्ज केला. साहेब म्हणाले, "शब्दात दोष नाही. लोकांपर्यंत पोचायला वेळ लागतो." साहेबांचं चूक आहे असंही मला म्हणवत नाही. शब्दच नसले तर आमच्या नातवंडांनी आपलं दुखणंसुद्धा मोठ्या भाषेतच सांगायचं का? पण जिच्यापर्यंत पोचला, ती एकटीच होती.

आत्याबाई आता घरी आहेत. उजवा हात उचलवत नाही, वाचा गेली आहे. मशीनवर मी चादर टाकली आहे. मुलगी कामावर जाते, येते, पण घरात बोलत नाही. "जेवतेस का?" म्हटलं तर मान हलवते. एखादं वाक्य सुरू करते आणि मध्येच थांबते, जिना उतरताना पायरी दिसेनाशी झाल्यासारखी. बोलायला लागली तेव्हा हीच पोर दिवसभर कान किटवायची. म्हातारीची वाचा आजाराने नेली. हिची कशाने नेली, ते कुठल्या डॉक्टरला विचारू?

काल संध्याकाळी ती आत्याबाईंजवळ बसली होती. त्यांनी डाव्या हाताने तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. ती घाबरून ओरडली, "आई, लवकर ये! आत्तेआजीला धड—"

आणि पुढचं तिच्या तोंडून निघेना. मी डॉक्टरांना फोन लावला आणि तिच्याऐवजी तो जुनाच शब्द पुरा उच्चारला: धडधड.