मालवाहू विमान हरभऱ्यात कसं पडलं

विमानाचं नाक हरभऱ्यात रुतलं होतं आणि शेपूट वर होतं. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले.

"फौजी, आता तुमीच इन्क्वायरी करा. उद्या पाहुणे येऊन राह्यले."

मी हवाई दलात लोडमास्टर होतो. म्हणजे मालवाहू विमानातलं सामान तोलून, जागच्या जागी बांधायचं काम. निवृत्तीनंतर नांदुऱ्याजवळच्या एका शाळेत कवायत शिकवतो. हे विमान तशाच लष्करी विमानाचं थर्माकोलचं मॉडेल. पंख दारापेक्षा लांब. विज्ञानाच्या वैशाली मॅडमनी दिवाळीची सुट्टी घालवून ते बनवलं होतं. स्नेहसंमेलनात ते बक्षिसांचं पाकीट घेऊन मैदानात उतरणार होतं. त्या दिवशी विमानाची रिकाम्या पोटी, पाकिटाशिवाय, रंगीत तालीम होती.

मुख्याध्यापकांचा निकाल आधीच तयार होता. "मॅडमनंच रिमोट चुकवला असन. तसं निघालं तर विमान रद्द. अन् इज्ञानाच्या खोलीत पुन्हा पहिल्यासारख्या जुन्या खुर्च्या भरून ठेवू."

मॅडमचा चेहरा उतरला. "सर, चढलं तं नीट. उतरता उतरता त्यानं नाक खाली घातलं, अन् मंग ऐकेच ना."

पायलटवर खापर फोडणं सोपं असतं. मोठ्या विमानांच्या बाबतीतही सगळे आधी तेच करतात. मला त्याची मनस्वी चीड आहे. म्हणून मी एकेक कारण तपासलं. वारा नव्हता, शाळेचा झेंडा लोंबत होता. फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखामागच्या झडपा, व्यवस्थित हलत होत्या. बॅटरी भरलेली होती. संगीताचे सर म्हणाले, "नजर लागली हो." हे कारण मी तपासलं नाही.

मग विमान उचललं. रिकामं विमान इतकं जड कसं? मागचं दार उघडलं. आत तांदूळ सांडले होते आणि पार पुढे, नाकापाशी, लाल कपड्यात गुंडाळलेला नारळ होता.

"हे कोणी ठेवलं?"

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसायला घेतला. "सकाळी पूजा केली न. नव्या गाडीत ठेवतोच आपण. विमानाच्या मधात, तांदळावर बसवला होता."

बैलगाडीतली सगळी पोती पुढे सरकली की बैलाची मान दबते. इथंही तेच झालं. उतरताना नाक जरा झुकलं, नारळ गडगडत पुढे गेला आणि मॅडमच्या हातात काही उरलं नाही.

"म्हणजे मी नाई पाडलं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"काढून टाकू नारळ?" मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"काऊन? अपशकून होते."

विमानाला चिकटपट्ट्या लावल्या. नारळ मधोमध ठेवून सुतळीनं चारी बाजूंनी बांधला, त्याच्याजवळ पाकीट. आयुष्यभर तोफा आणि जीप बांधल्या, पण इतक्या धास्तीनं कधी काही बांधलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमान अलगद उतरलं. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना सांगितलं, "नारळाची कृपा." मॅडमना हसू आवरेना. विज्ञानाच्या खोलीत खुर्च्या गेल्या नाहीत.

तेव्हापासून माझं मत एवढंच आहे. श्रद्धा जरूर ठेवावी. फक्त नीट बांधून ठेवावी.