कॅमेऱ्यामागचा आवाज

अमळनेरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग मोठा भाऊ करायचा, मी लाइट धरायचो. गावात कुणी गेलं की उत्तरकार्याआधी घरची माणसं फोटो मागायला येत. मग आम्ही कुठल्यातरी लग्नाच्या शूटिंगमधून त्या माणसाचा हसरा चेहरा शोधून मोठा करून देत असू. भाऊ गेला तेव्हा त्याचा मात्र एकही धड फोटो सापडेना. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस! शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. हार घातल्यावर तो भलताच कुणीतरी वाटला.

उरला होता फक्त आवाज. लोकांना देताना आम्ही तो काढून गाणी टाकायचो, पण न कापलेलं मूळ शूटिंग एका जुन्या हार्ड डिस्कवर होतं. त्यात भाऊ मधूनमधून वऱ्हाडाला सूचना देई. ही डिस्क एकदा बसमधून उतरताना माझ्याच हातून पडली होती. तेव्हापासून ती लावली की आतून टकटक येई, कुणाला आत कोंडलं असावं तशी. भाऊ गेल्यावर टकटक वाढली. मी भुताखेतांना मानत नाही, पण खरं सांगतो, भर दुपारीसुद्धा दुकानात एकटा असलो की ती लावायची मला भीती वाटायची.

वहिनी आता धुळ्याला लेकीकडे राहतात. त्या मलाही भाऊच म्हणतात. त्यांचा फोन आला, "भाऊ, त्यास्ना आवाज शे ना त्यामा? तो जावाले नको. माले तो जोडे पाहिजे."

तो आवाज त्यांना स्वतःजवळ हवा होता. मग मी नवी डिस्क घ्यायला जळगावला गेलो. दुकानदारानं एसएसडी नावाची नव्या प्रकारची डिस्क दाखवली. बिस्किटाएवढी वस्तू आणि किंमत ऐकून मला घाम फुटला. तेवढ्या पैशांत चौपट जागेची साधी डिस्क येत होती. मी कुरकुरलो, "ही लवकर कॉपी तरी करेल का?" माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "जुनीतून जेवढ्या वेगानं येईल तेवढ्याच वेगानं येणार. पण हिच्यात काही फिरत नाही. हातून पडली तरी सहसा काही होत नाही. फक्त वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवू नका. अधूनमधून जोडत जा."

मला ते पटेना. बिघडायची वेळ आली तरी ही चकार शब्द काढणार नाही. जुनी निदान टकटक तरी करते. मी चहा पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि स्टँडपर्यंत चालत गेलो. धुळ्याची बस लागली होती. दारात वहिनींच्याच वयाची एक बाई हातातली पिशवी सांभाळत चढत होती. माझ्या हातून पडलेली डिस्क आठवली आणि मी परत फिरलो. एसएसडी घेतली.

कॉपी दोन दिवस चालली. जुनी डिस्क अडायची, थांबायची, पुन्हा चालायची. शेवटची फाइल उतरली आणि टकटक बंद झाली. ती डिस्क नंतर लागलीच नाही.

वहिनी आल्या. मी एसएसडी जोडली आणि पहिलं हाती लागलं ते लग्न लावलं. टकटक नव्हती; दुकानातली ती शांतता मला सोसवेना. पडद्यावर मांडव, नवरानवरी, मागे सगळे नातेवाईक. निम्म्यांचे फोटो आम्हीच नंतर हारासाठी मोठे केलेले. आणि भाऊचा आवाज आला, अगदी जवळून, "आते बठ्ठा आठे देखा!"

सगळ्यांनी एकदम आमच्याकडे पाहिलं. म्हातारे, बाया, गेलेले, असलेले, सगळे हसत होते.

वहिनी कितीतरी वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्या बठ्ठा त्यास्कडे देखी ऱ्हायनात."

आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. माझी काही हिंमत झाली नाही.