फळांना अस्तर लावणारे काका

माझ्या मावशीच्या यजमानांचं असं ठाम मत होतं, की देवाने जगातली सगळी फळं अर्धवट शिवून खाली पाठवली आहेत आणि उरलेलं काम त्यांच्यावर सोपवलं आहे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. धंदा पिढीजात शिंप्याचा, पण जीव फळांत. कुणाकडे बारसं, साखरपुडा, वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ, काही असो, जेवणाआधी पाहुण्यांच्या हातात काकांची भरलेली फळं पडायची. त्याचे ते कधी पैसे घेत नसत आणि कुणी बोलावण्याची वाटही बघत नसत. मंडप पडलेला दिसला, की आत जाऊन विचारायचे, "माणसं किती येतील? गोड की खारं?"

बाजारात ते फळाचा भाव शेवटी विचारायचे. आधी पेरू हातात फिरवून त्याच्या पोटात किती मावेल याचा अंदाज घ्यायचे. भाषा सगळी दुकानातली. पेरूचं वरचं टोपण काढायचं म्हणजे ‘गळा कापायचा’, आतून खव्याचा पातळ थर द्यायचा तो ‘अस्तर’, खजुराला उभी चीर पाडायची ती ‘काज’ आणि ती मिटवायला टोचलेली लवंग म्हणजे ‘बटण’. चिकूत गूळखोबरं, अंजिरात गुलकंद आणि चक्का, पेरूत आलंमिरची लावलेली भिजवलेली डाळ, खजुरात शेंगदाण्याचं तिखट कूट. अननस पोखरून त्यात चित्रान्न भरण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. तो लिंबूभात आंबटावर आंबट झाला आणि वाढदिवसाची सगळी पोरं एक डोळा मिटून जेवली. काका म्हणाले, "मापात चुकलं नाही, कापडच आंबट निघालं."

माप घेताघेता गिऱ्हाइकाला चव बघायला लावणं ही त्यांची रोजची सवय होती. माणूस दोन्ही हात वर करून उभा, छातीभोवती टेप, आणि काका म्हणायचे, "हात तसेच ठेवा. तोंड उघडा." बिचारा तोंड उघडायचा. त्यात एक खजूर जायचा. हात वर असल्यामुळे त्याला ना नको म्हणता यायचं, ना बाहेर काढता यायचं. "कसं आहे?" असं काका विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत छातीचं माप विसरायचे. त्यांनी शिवलेले सदरे थोडे ढगळ असायचे, त्याचं कारण हेच.

एकदा आमच्या सरस्वतीपुरमच्या घरी ते स्कूटरवरून अख्खं कलिंगड घेऊन निघाले. आत डाळीची कोसंबरी गच्च भरलेली, वर टोपण बसवलेलं. शेवटच्या वळणावर गतिरोधक आला. काका पोचले, कलिंगडही पोचलं, कोसंबरी मात्र रस्त्यावर राहिली. रिकामं कलिंगड आईच्या हातात देऊन ते आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "सुम्ने, उगाच रागावू नकोस गं. डाळ भिजव, मी परत भरतो." आणि खरोखरच परत भरलं.

मावशीला हे काहीच पटत नसे. "फळ धुवावं, कापावं, खावं," ती म्हणायची, "त्याच्या पोटात बोटं घालायची कशाला?" लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने नवऱ्याचं भरलेलं एक फळही तोंडात घातलं नव्हतं. काकांनी पुढे केलं की ती म्हणायची, "बेड, नको. मला ते आहे तसंच बरं."

मग एका उन्हाळ्यात काकांना मोठा ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळून होते. उठले ते बारीक होऊन, पण उठल्याउठल्या पेरू आणायला गेले, तेव्हा आम्ही सगळे निश्चिंत झालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या शेजारच्या प्राध्यापकांचा निवृत्तीचा समारंभ होता. हे गृहस्थ अतिशय कोरडे. बायकोच्या आजारपणातही कुणी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. भाषणाआधी काकांचे खजूर फिरले. प्राध्यापकांनी एक खाल्ला, माइकसमोर उभे राहिले, "मित्रहो" म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. सभा हेलावली. कुणीतरी रुमाल दिला. पुढच्या वक्त्याने त्यांच्या हळव्या मनाबद्दल बराच वेळ सांगितलं. तोवर मागच्या रांगांतही खजूर पोचले होते आणि तिथेही मंडळी रडू लागली होती. एवढा जिव्हाळ्याचा समारंभ आमच्या भागात दुसरा झाला नाही.

सगळे पाण्याकडे धावले, तेव्हा मावशी काकांकडे बघत होती. काकांनी तेच खजूर एकामागून एक खाल्ले होते आणि त्यांच्या कपाळाला घामही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, ते तिनेच मला नंतर सांगितलं. सकाळच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि पेला समोर ठेवला. काकांनी घोट घेतला. म्हणाले, "आज मस्त झाली."

मावशी खाली बसली. "कधीपासून?"

काकांनी पेला खाली ठेवला. "तापापासून. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणतात, आली तर येईल."

"आणि मला नाही सांगितलं?"

"सांगून काय होणार? मग तू सुरी काढून घेतली असतीस."

मावशीने सुरी काढून घेतली नाही. तिने कॉफी मोरीत ओतली आणि साखरेची नवी करून दिली, त्यांना फरक कळणार नाही हे माहीत असून.

त्याच वर्षी माझा साखरपुडा ठरला. मुलाकडची मंडळी पुण्याची, नीटनेटकी, मोजकं बोलणारी. बाबांनी खाण्याचं काम एका आचाऱ्याला दिलं आणि काकांना काही सांगितलं नाही. प्राध्यापकांचे अश्रू बाबांनी पुढच्याच रांगेतून पाहिले होते. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घालून शिवण पुढे चालू ठेवली. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी बसने आमच्या दारात उभी.

"भावजी, फळं आमच्याकडून."

बाबा घुटमळले. "तसं नाही, पण मिरचीचं जरा... पाहुणे नवीन आहेत."

"मिरचीची जबाबदारी माझी," मावशी म्हणाली आणि चहाही न घेता निघून गेली.

साखरपुड्याच्या सकाळी मी त्यांच्या घरी हातावर मेंदी घेऊन बसले होते. मला कुणी काम सांगणार नव्हतं, म्हणून सगळं बघता आलं. काका पाटावर, समोर पेरूंची रास. मावशी शेजारी स्टुलावर, हातात चमचा, चेहरा औषध घेताना करतात तसा. प्रत्येक सारणाची चव ती घ्यायची आणि निकाल सांगायची.

"मीठ जास्त."

"जास्त? कितीने?"

"मला काय माहीत कितीने! मोरीत ओतण्याइतकं."

काका डाळ वाढवायचे. ती परत चाखायची. "आता आलं नाही लागत." परत आलं. "हे गोड आहे की खारं? एक काय ते ठरवा." मधेच काका चिडून म्हणाले, "साकु, पुरे! तुला आयुष्यात कधी आवडलंच नाही, आता काय आवडणार?" मावशी चमचा धुवून परत पुढे करत म्हणाली, "भरा. बोलू नका."

संध्याकाळी पाहुण्यांच्या ताटल्या रिकाम्या होऊन परत आल्या. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पेरू तीनदा मागून घेतला आणि काकांना म्हणाल्या, "तुमच्या हाताला विलक्षण चव आहे हो."

काका म्हणाले, "हात माझा, जीभ हिची." सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारा बायकोचं कौतुक करतोय. मावशी लाजली, आणि मी तिला लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर कितीतरी समारंभ त्या दोघांनी असे पार पाडले. काकांची चव परत आली नाही, आणि बाहेर कुणाला ते कळलंही नाही. पुढे मावशी गेली. दुकान काकांच्या चुलतभावाने चालवायला घेतलं. काकांनी फळं भरणं बंद केलं. लोक बोलवायचे, ते जायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आचाऱ्याने कापलेल्या पपईच्या फोडी बघायचे.

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी म्हैसूरला आले होते, तेव्हा बाजारातून पेरू घेऊन थेट त्यांच्याकडे गेले. "काका, भरून द्या." त्यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण पेरू हातात आल्यावर तो फिरवल्याशिवाय त्यांना राहवेना. डाळ भिजली, मिरची वाटली गेली. त्यांनी चमचा माझ्यापुढे केला.

"छान झालंय," मी म्हणाले.

दुसरं सारण. "छान."

तिसऱ्याला मी छान म्हणाले, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुझी मावशी मला कधी छान म्हणाली नाही," ते म्हणाले. "म्हणून तर मला कळायचं, मी कुठे आहे ते."

मी चमचा धुवून आणला. मग मी पहिल्या वाटीतलं पुन्हा घेतलं. "काका, मीठ कमी आहे. आणि आलं फार झालंय."

त्यांनी वाटी जवळ ओढली. "किती कमी?"

"थोडंसं."

त्यांनी दोन बोटांत मीठ घेतलं, घातलं, कालवलं आणि चमचा भरून धरला. मी तो चमचा तोंडात घेतला, आणि या वेळी घाईने काही बोलले नाही. नीट चव घेतली. ते माझ्याकडे बघत थांबले होते.