भेंडीच्या भावाची चौकट

मागच्या हिवाळ्यात मी मुरबाडजवळच्या धसई गावात, घरी बसून एक ॲप बनवत होते. ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीने मला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. हे ॲप नीट चाललं तर कायम करू, मग ठाण्याच्या ऑफिसात बसा, असं सर म्हणाले होते. तिथे मैत्रिणीच्या खोलीत एक पलंग रिकामा होता. मी घरी तेही सांगून ठेवलं. वडील म्हणाले, "साहेबाने बोलावलं तर जा. मी अडवणार नाय." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

घरात माझी जागा म्हणजे भाताच्या कणगीशेजारची खिडकी, कारण रेंज तिथेच यायची. जाणारा-येणारा माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघून जायचा. फोनवर मी इंग्रजी बोलायला लागले की घर गप्प व्हायचं, आणि मग माझा आवाज आणखी खाली जायचा.

ॲप भेंडीवाल्यांसाठी होतं. भात निघालं की आमच्याकडे भेंडी लावतात. तोडणीच्या दिवसांत सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो फिरतो. स्क्रीनवर वर गावाचं नाव, मध्ये आजचे भाव आणि सगळ्यात खाली 'माल आहे' असं हिरवं बटण. ते दाबलं की टेम्पो आपल्या बांधाशी थांबणार. भाव मात्र आमच्याकडे नव्हते, ते दुसऱ्या एका वेबसाइटवर होते. म्हणून स्क्रीनच्या मधोमध मी एक चौकट सोडली आणि तिच्यात ते वेबपान बसवलं. बघणाऱ्याला सगळं एकच दिसतं, पण चौकटीतलं पान परकं असतं आणि आपल्या आपण सरकतं.

माझ्या फोनवर छान चालत होतं. सरांना डेमो द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेतावर जाऊन काकीच्या हातात फोन दिला. भेंडीची लव हाताला खाजते, म्हणून आमच्या बायका तोडताना हातांत जुने पायमोजे घालतात. हल्ली मोज्याला अंगठ्यापाशी भोक पाडलेलं असतं, खास फोनसाठी. काकीने तो एकच उघडा अंगठा स्क्रीनच्या मध्यावर टेकवला आणि वर ओढला.

वांगी सरकली, गवार सरकली, कुठल्या कुठल्या बाजारांची नावं सरकली. मग भाव संपले आणि पान तिथेच थांबलं.

"तुझं बटन कुठंय गो?"

"खाली आहे. कडेला बोट ठेवून सरकव."

"कडेला कसं? एवढा अंगठाच मोकळा हाय."

"मग मोजा काढ ना."

"काढते. मग रातभर तू खाजव माझे हात."

बांधावरच्या बाया हसल्या. काकीने पुन्हा दोनदा अंगठा ओढून पाहिला आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "इंग्रजी शाळेत घातली, आन् पोरीने फोनात विहीर खणली. उतरायला येतं, बाहेर यायला नाय."

मला चूक दिसली होती. चौकटीने जवळजवळ सगळी स्क्रीन खाल्ली होती. अंगठा तिच्यात पडला की फक्त आतलं पान हलायचं, बाहेरचं जागच्या जागी. मी स्वतः नेहमी कडेच्या रिकाम्या पट्टीवर बोट ठेवायचे, कारण चौकट कुठे संपते ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत मी ते बदललं. आतल्या पानाचं वेगळं सरकणं बंद केलं, त्याच्या उंचीइतकी चौकट वाढेल असं केलं आणि बटण स्क्रीनच्या तळाशी पक्कं बसवलं. काकीने अंगणात मोजा घालूनच बघितलं. "आता कसं!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरूनच फोनवर दिलेला डेमो चांगला झाला. मोज्याची गोष्ट मी न अडखळता सांगितली. सर खूश होऊन इंग्रजीवरून मराठीत आले. "हे ऑफिसात बसून कुणाच्या लक्षात आलं नसतं," ते म्हणाले. "तुम्ही कायम झालात असं समजा. आणि तिथेच राहा. ॲप वापरणारे सगळे तिथे आहेत, ठाण्यात येऊन काय करणार?"

फोन स्पीकरवर होता. वडील दारात उभे होते. ठाण्याला यायचंय हे सांगणारं एक वाक्य मी इंग्रजीत पाठ केलं होतं. ते तोंडापर्यंत आलं.

"ओके सर," मी म्हणाले.

"बघ," वडील म्हणाले, "साहेबच बोलतो, तिथेच राहा. मी कुठे अडवलं?"

नव्हतंच अडवलं. काकीनेही नाही, सरांनीही नाही. भांडायला समोर कुणीच नव्हतं.

"पास झाली ना गो?" काकीने विचारलं. "मग तोंड का असं?"

"काय नाय."

त्याच आठवड्यात वडिलांनी मुरबाडहून टेम्पोत टेबल आणलं. दुकानात त्यांनी मुद्दाम कॉम्प्युटरचं मागितलं होतं. कणगी त्यांनी आणि काकीने ढकलून बाजूला केली. टेबल खिडकीशी लावल्यावर वडिलांनी दोन्ही हातांनी ते हलवून पाहिलं.

"सागवानी हाय," ते म्हणाले. "तुझ्या लग्नापर्यंत हलत नाय आता."

ते कौतुकाने बघत उभे होते, म्हणून मी बसले.