रामकिसनच्या खालची चार माणसं

मी गोकुळ, टँकरचा ड्रायव्हर. तोंडाचा फाटका माणूस हाय, आधीच सांगून ठेवतो. पण दमयंतीबाईंबद्दल कुणी वाकडं बोललं की मला खपत नाय, म्हणून ही हकिगत सांगतोय. तिच्यात माझीबी चूक हाय, ती लपवणार नाय.

सोळा सालचा उन्हाळा. जायकवाडी तळाला गेलेली, आणि शहर मात्र चारी अंगांनी फुगत चाललेलं. मुकुंदवाडी स्टेशनाच्या पलीकडं गुंठा-गुंठा घेऊन लोकांनी घरं बांधली होती, नळाचा पत्ता नाय. एका ट्रस्टचे टँकर तिथं जायचे, चार दिवसांतून एक खेप. माणशी ठरलेलं पाणी, दारातल्या निळ्या ड्रमात. ट्रस्टचं ऑफिस क्रांती चौकात, माडीवरच्या एका खोलीत, आणि तिथल्या कम्प्युटरवर दमयंतीबाई.

बाई पडेगावहून यायच्या. पन्नाशी उलटलेली, वडील कचेरीत कारकून होते, तीच शिस्त अंगात. नवरा लग्नानंतर सहाच वर्षांनी गेलेला. कम्प्युटर शिकल्या त्या चाळिशीनंतर, क्लासात पोरासोरांत बसून.

आधी आमचं रजिस्टर होतं. आता आमच्याकडं पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव कचरू नायतर कडूबा ठेवतात, म्हणजे यमाची नजर त्याच्यावर जात नाय. त्यामुळं वस्तीत नऊ कचरू. एका कचरूचं पाणी दुसऱ्याच्या ड्रमात, रोज भांडणं. बाईंनी ते बंद केलं. कम्प्युटरात दोन टेबलं केली, एक कुटुंबप्रमुखांचं, एक घरातल्या माणसांचं, आणि दोन्ही एका नंबरानं जोडली. पडद्यावर फॉर्म उघडला की वर प्रमुख, खाली त्याची माणसं. मला म्हणाल्या, "गोकुळ, नाव कितीही सारखं असू दे, नंबर धरून राहायचं."

लोक वस्ती सोडून गाव गाठायचे तेव्हा प्रमुख पुसला जायचा, पण खालची माणसं तशीच लोंबकळत राहायची आणि पाण्याचा हिशोब चुकायचा. म्हणून बाईंनी आणखी एक खूण करून ठेवली. वरचा पुसला की खालचे आपोआप जावेत. पुसताना कम्प्युटर विचारायचा, जोडलेल्या नोंदीही जातील, चालेल का? बाई हो म्हणायच्या. महिन्यात वीस वेळा तरी म्हणत असतील.

वैशाखात रामकिसन गेला. गवंडी होता, बीड बायपासला नव्या इमारतीच्या परांचीवरून पडला. घरात बायको मनकर्णाबाई, म्हातारी आई, दोन पोरी. दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसात सांगितलं, "बाई, एकशे चौदा नंबरचा रामकिसन वारला. एका माणसाचं पाणी कमी करा." मेलेल्याच्या नावावर पाणी उचलायचं नाय, हा बाईंचा कायदा. त्यांनी लगेच रामकिसनचं नाव पुसलं.

पुढच्या खेपेला यादीत एकशे चौदा नंबरच नव्हता. मनकर्णाबाई ओट्यावर ड्रमापाशी उभी होती. मी म्हणालो, "मावशी, यादीत नाय तुमचं." तिनं वादच घातला नाय. मला वाटलं, गावाकडं निघाले असतील. विचारायला काय जात होतं माझं? त्यानंतरच्या खेपेलाबी मी तसाच पुढं गेलो.

सुतक होतं त्या घरात. सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या पाण्याला शिवायचं नाय. शेजारणी वरून कळशीत पाणी ओतायच्या, तेवढ्यावर चौघी राहिल्या. आणि दहाव्याला तर सगळं घर धुवावं लागतं, अंथरुणं, भांडी, अंघोळी. त्याशिवाय सुतक फिटत नाय.

नवव्या दिवशी थोरली पोर, श्रेया, ऑफिसात आली. दहावीला होती. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी आतच होतो. बाईंनी एकशे चौदा नंबर टाकला. काहीच आलं नाय. आडनाव टाकलं, तरी नाय.

"तुझी नोंद नाही गं बाळा," बाई म्हणाल्या.

पोर म्हणाली, "मॅडम, पप्पा वारले. आम्ही तर हाओत ना?"

 बाईंनी पुसलेल्या नावांची वही काढली, रामकिसनच्या नावावर बोट ठेवलं आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी रेशनकार्डावरून माझं नाव कापलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझा माणूसच नाही, तर तुझी नोंद कशाला, असं म्हणाले. आणि आज मी तेच केलं, गोकुळ. माझ्या हातानं केलं."

 सुक्यासंगं ओलं जळतं म्हणतात, पण इथं काडी आम्ही दोघांनी लावली होती. बाईंनी उठून पोरीला हाताला धरून आत आणलं, सुतकाचा विचार न करता, आणि पाणी प्यायला दिलं.

दुपारभर कागदी फॉर्मांचे गठ्ठे उपसले. त्या सालात आणखी सात घरं अशीच यादीतून गेली होती. बाईंनी ती खूण काढून टाकली आणि मांडणीच बदलली. वर आता माणूस नाय, घर. खाली घरातले सगळे, बाया-पुरुष एका रांगेत.

दहाव्याला खेपेची पाळी नसताना मी टँकर भरला. बाई माझ्या शेजारी केबिनीत बसल्या, पहिल्यांदाच. मनकर्णाबाईच्या ओट्याशी उतरून म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुमचं पाणी मी बंद केलं."

मनकर्णाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मंग माझ्या हातातल्या यादीकडं. "वाच रे भाऊ," म्हणाली.

मी वाचलं. घर एकशे चौदा. मनकर्णाबाई. म्हातारीचं नाव. श्रेया. धाकटीचं नाव. तिथं थांबलो.

"आन् त्यांचं काढलं का?"

बाईंनी काढलं नव्हतं. शेवटच्या ओळीत होतं ते. मी वाचलं, "रामकिसन. मयत. पाणी शून्य."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि ड्रमावरचं झाकण काढलं.

मी पाइप सोडला. चौघींचं माप झालं, ड्रम काठोकाठ भरला, तरी बाई मला थांब म्हणाल्या नायत.